जुन्या गोव्याचें जपमाळेच्या राणीचें देवालय

देवालयाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेंत देवालयाविषयींच लिहिलें जावें, हें यथायोग्य होय. आमच्या धर्मग्रामाची हकीकत, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें आणि बाप्तिस्मा-विवाहांचे आंकडे यांस या पुस्तिकेंत इतरत्र जागा मिळालीच आहे. म्हणून आम्ही येथें एका निराळ्या विषयाला हात घालीत आहों.

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत फिरतांना दोन प्रश्न आमच्या कानीं नेहमीं येतात. आमचे सभासद विचारतात, "फादर, चर्च म्हटलें म्हणजे टोंकदार कमानी, रंगीत कांचा आणि आभाळाला भिडलेला मनोरा. तसें देवालय आपणांस केव्हां मिळणार?" आमचे शेजारी विचारतात, आणि तेही कांहीं कुत्सितपणानें नव्हे, "ही सारी साहेबांची बांधणी. तिचें आपल्या मातीशीं काय नातें?" पहिल्या प्रश्नांत अभिलाषा आहे, दुसऱ्यांत परकेपणाची शंका आहे, परंतु दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच आहे. ती ही कीं, टोंकदार कमान ही युरोपची मिरास असून ज्यानें ती येथें आणिली त्याचीच ती कायम राहते. ही समजूत कितपत टिकते, तें एका देवालयाच्या इतिहासावरून पाहूं.

मुंबईस जाणाऱ्यांनीं या बांधणीच्या इमारती पाहिल्या आहेत. १८८८ सालीं पुरें झालेलें बोरीबंदरचें स्टेशन, ज्यास आतां छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, तें याच धर्तीचें. वांद्र्याच्या टेकडीवरील मोत माउलीचें सध्यांचें देवालय १९०४ सालचें, तेंही याच धर्तीचें. परंतु या इमारती मागील काळाची आठवण म्हणून मुद्दाम उभारलेल्या आहेत. मूळची गॉथिक बांधणी बाराव्या शतकापासून सोळाव्या शतकाच्या आरंभापर्यंतची. त्या मूळ परंपरेचा धागा तुटण्यापूर्वींच जें बांधलें गेलें, असें देवालय आमच्या बाजूस शोधूं गेल्यास जुन्या गोव्यास जावें लागतें. तेथें मांडवी नदीच्या कांठीं 'मोंते सांतो' म्हणजे पवित्र टेकडी या नांवाची एक उंच जागा आहे. तिच्यावर जपमाळेची राणी पवित्र मरिया हिचें देवालय सोळाव्या शतकाच्या पांचव्या दशकापासून उभें आहे. जुन्या गोव्यास जाणारे यात्रेकरू संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाचें दर्शन घेऊन परत फिरतात. या टेकडीकडे थोड्यांचीच पावलें वळतात. तथापि गोव्यांत आज उभ्या असलेल्या अगदीं जुन्या देवालयांपैकीं हें एक आहे.

या देवालयाची वंशावळ समजण्यासाठीं प्रथम फ्रान्स देशांत जावें लागेल. पॅरिसजवळ सें-देनी येथें एक मठ आहे. ११२२ ते ११५१ या काळांत सुजे नांवाचे धर्मगुरु तेथें मठाधिपति होते. त्यांनीं मठाच्या देवालयाचा वेदीकडील भाग नव्यानें बांधिला आणि ११ जून ११४४ रोजीं त्याचें पवित्रीकरण झालें. टोंकदार कमान, फासळ्यांचें छत आणि मोठमोठ्या खिडक्या हीं तिन्ही अंगें येथें प्रथमच अशा रीतीनें एकत्र आलीं कीं, त्यांतून एक नवी बांधणी जन्मास आली. सुजे यांच्या मनांत विचार होता तो प्रकाशाचा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या पायऱ्यांनीं मनुष्याचें मन न दिसणाऱ्या प्रकाशाकडे चढतें, अशी त्यांची श्रद्धा होती. पण श्रद्धेनें भिंतींत भोंक पडत नाहीं. भिंत पातळ करून खिडकी मोठी करावयाची तर वरच्या दगडाचा भार कोठें न्यावयाचा, हा गवंड्यांचा प्रश्न आधीं सुटावा लागला.

दगडाचा स्वभाव असा कीं, तो दाबला असतां पुष्कळ सोसतो, परंतु वाकविला असतां तडकतो. म्हणून दोन खांबांवर एक आडवी शिळा टाकून फार रुंद जागा झांकतां येत नाहीं. आमच्याकडील हेमाडपंती देवळांनीं यावर आपला तोडगा काढिला. खांब जवळजवळ ठेवावे, आडव्या शिळा आंखूड घ्याव्या, आणि वरचे थर एकाहून एक थोडे पुढें काढीत छत मिटवीत आणावें, ही ती रीत. तींत भार सरळ खालीं उतरतो. इंदापूर तालुक्यांतील पळसदेवचें जुनें देऊळ उजनी धरणाच्या जलाशयांत गेलें. परंतु दुष्काळाच्या वर्षीं भीमेचें पाणी ओसरलें कीं तें पुन्हां वर येतें, आणि पाहणाऱ्यांस तें अजून उभें असल्याचें आढळतें. अशी रीत ज्यांना साधली होती त्यांना कोणीं अडाणी म्हणूं नये.

कमानीची रीत निराळी. कमानींतील दगड वाकत नाहींत, केवळ एकमेकांना दाबतात. म्हणून कमान रुंद जागा झांकूं शकते. परंतु तिचा एक हट्ट असतो: ती आपले पाय बाहेर ढकलते. तालमींत दोन पैलवान खांद्याला खांदा लावून एकमेकांवर रेलले म्हणजे त्यांचे पाय मागें सरकूं पाहतात, आणि मातींत अंगठे रोवले नाहींत तर दोघेही भुईवर येतात. अर्धवर्तुळाकार कमानीचा हा रेटा मोठा. म्हणून तिच्या काळचीं देवालयें जाड भिंतींचीं, लहान खिडक्यांचीं आणि आंत अंधारलेलीं असत. कमानीच्या माथ्याला टोंक दिलें कीं तिच्या बाजू अधिक उभ्या होतात, भार अधिक सरळ खालीं जातो आणि बाहेरचा रेटा कमी होतो. त्याच्या जोडीला छताखालीं दगडाच्या फासळ्या घालीत. आमच्या बागाईतदारांना त्यांचें काम समजावून सांगणें सोपें आहे. नीरेच्या कालव्याचें पाणी शेतांत मोकळें सोडिलें तर तें वाटेल तिकडे फुटतें. पाट काढून दिला तर पाहिजे त्या वाफ्यांतच जातें. फासळ्या हे भाराचे पाट होत. छताचा भार त्या ठराविक कोपऱ्यांवर आणून सोडितात, आणि त्या कोपऱ्यांना बाहेरून दगडी धिरे दिले म्हणजे मधली भिंत मोकळी होते. मग तेथें कांच बसविली तरी चालते.

ही युक्ति साधल्यावर मनुष्याला उंचीचा मोह पडला, हेंही सांगितलें पाहिजे. फ्रान्समधील बोव्हे या शहरीं छत सुमारें ४८ मीटर उंचीवर नेलें, आणि १२८४ सालीं त्याचा मोठा भाग कोसळला. उलट पक्षीं ही बांधणी काय सोसूं शकते, याचा दाखला आमच्याच काळांत मिळाला. १५ एप्रिल २०१९ रोजीं पॅरिसच्या नोत्र-दाम देवालयाला आग लागून वरचें लांकडी छप्पर जळून गेलें. खालच्या दगडी छताला भगदाडें पडलीं, परंतु तें बव्हंशीं टिकलें आणि त्यानें आंतील बराच भाग वांचविला. डिसेंबर २०२४ मध्यें तें देवालय उपासनेसाठीं पुन्हां उघडलें.

आतां नांवाविषयीं. या बांधणीला 'गॉथिक' हें नांव ती बांधणाऱ्यांनीं दिलेलें नाहीं. पुढच्या काळांतील इटालियन विद्वानांना ती आवडेनाशी झाली. १५५० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध करणारा वासारी हा त्यांतील प्रमुख. रोमचा नाश करणाऱ्या रानटी गॉथ टोळ्यांचें हें काम, असें म्हणून त्यांनीं तिला हिणविलें. म्हणजे हें नांव नसून ठेवलेलें नांव आहे. आमच्या सभासदांपैकीं कित्येकांच्या वाडवडिलांनाही गांवानें नांवें ठेविलीं होतीं. ठेवलेल्या नांवावरून वस्तूची किंमत ठरत नाहीं, हें त्यांना निराळें सांगावयास नको.

आणि टोंकदार कमान तरी मूळची युरोपची आहे काय? पुष्कळ इतिहासकारांचें मत असें आहे कीं, ती मुसलमानी देशांत आधीं रूढ होती आणि भूमध्य समुद्राच्या वाटेनें युरोपांत पोहोंचली. आमच्या दक्षिणेंत तर तिला कोणाही युरोपियनानें आणिलें नाहीं. गुलबर्ग्याच्या किल्ल्यांतील जामा मशीद १३६७ सालची आहे; तिच्यांत टोंकदार कमानींच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. बहामनी राज्यांत, आणि पुढें विजापूर व अहमदनगर या दरबारांत, ही कमान गवंड्यांच्या रोजच्या हातची होती. इंदापूरला ज्यांची गढी आहे ते मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या चाकरींत असतांना अशाच कमानींच्या दरवाजांतून जात-येत असले पाहिजेत. तेव्हां 'साहेबांची कमान' हा आरोप येथेंच निम्मा गळून पडतो.

फ्रान्समधील बांधणी पोर्तुगाल देशांत कशी गेली आणि तेथून गोव्यास कशी आली, या वाटेवर तीन मुक्काम आहेत. पहिला अल्कोबासा येथील सिस्टर्शियन साधूंचा मठ. तो ११५३ सालीं स्थापन झाला आणि त्याचें देवालय १२५२ सालीं पवित्र करण्यांत आलें. सांतारें हें शहर मुसलमानांकडून जिंकण्यापूर्वीं राजा आफोन्सो हेन्रिक्स यानें नवस केला आणि तो फेडण्यासाठीं हा मठ दिला, अशी कथा सांगतात. या देवालयांत नक्षी जवळजवळ नाहींच. उघडा दगड, उंची आणि शांतता एवढेंच त्याचें भांडवल. दुसरा मुक्काम बताल्या. १४ ऑगस्ट १३८५ रोजीं आल्जुबारोटाच्या लढाईंत पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव यानें कास्तीलच्या सैन्याचा पराभव केला, आणि पवित्र मरियेला केलेला नवस म्हणून पुढील वर्षीं हें देवालय आरंभिलें. तेथील एका दालनावर, सुमारें १९ मीटरच्या चौकावर, मध्यें एकही खांब न देतां फासळ्यांचें तारकाकृति छत तोललें आहे.

तिसरा मुक्काम लिस्बन शहराजवळ बेलें येथील जेरोनिमोंचा मठ. वास्को द गामा हिंदुस्थानांत जाऊन परतल्यावर, सोळाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं, राजा मानुएल यानें तो बांधावयास घेतला. याच राजाच्या नांवावरून त्या वेळच्या पोर्तुगीज बांधणीला 'मानुएलीन' म्हणतात. ती गॉथिकची शेवटची फांदी होय. सांगाडा तोच, फासळ्या त्याच. परंतु त्यांवर समुद्राची नक्षी चढली. जहाजाचे दोर, त्यांच्या गांठी, प्रवाळ, शिंपले हीं दगडांत उतरलीं. या मठासाठीं पैसा कोठून आला? आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर बसविलेल्या शेंकडा पांच या करांतून. आणि या व्यापाराचा जीव होता मसाल्यांत. म्हणजे आमच्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या मिऱ्यांच्या पोत्यांनीं लिस्बनच्या कमानी उभ्या राहिल्या. मग त्या निखळ युरोपच्याच कशा म्हणाव्या?

आतां गोवा. १५१० सालीं तें शहर विजापूरच्या आदिलशहाच्या सत्तेखालीं होतें. आफोन्सो द आल्बुकर्क यानें तें त्या वर्षीं एकदां घेतलें, गमाविलें, आणि २५ नोव्हेंबर रोजीं, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशीं, पुन्हां जिंकलें. होनावरकडचा हिंदु सरदार तिमोजा हा त्याचा साहाय्यक होता. या टेकडीवर उभा राहून आल्बुकर्क लढाईची सूत्रें हलवीत होता आणि विजयासाठीं त्यानें येथें नवस केला, अशी परंपरा आहे. येथील एका शिलालेखांतही त्याच्या येथें उभें राहण्याचा उल्लेख आहे. आल्बुकर्क १५१५ सालीं मरण पावला. नवसाची फेड म्हणून हें देवालय उभें राहिलें तें त्याच्या मागून, सुमारें तीस वर्षांनीं.

वाचकांनीं या देवालयाकडे दुरून पाहिलें तर तें प्रथम किल्ल्यासारखें वाटेल. भिंती जांभ्या दगडाच्या, जाड, चुन्याच्या गिलाव्यानें पांढऱ्या केलेल्या. दर्शनी बाजूस मनोऱ्यासारखा उंच केलेला प्रवेशमंडप, आणि कोपऱ्यांवर वाटोळे, बुरुजांसारखे खांब. त्यांच्या माथ्यावर लहान घुमट्या. या खांबांभोंवतीं दगडी दोर गुंडाळलेला आहे. तोच बेलेंचा जहाजी दोर. येथें जाड व साधा झाला आहे, परंतु ओळख बुजलेली नाहीं. खिडक्या थोड्या, लहान आणि उंचावर. आंत एकच लांब दालन, त्यावर लांकडी वाशांचें कौलारू छप्पर. शेवटीं मुख्य वेदी आणि तिच्या दोहों बाजूंस लहान वेद्या. मुख्य वेदीवरील छतांत आणि प्रवेशमंडपांत दगडी फासळ्या एकमेकींना छेदून जातात. सें-देनीला जन्मलेली युक्ति चारशें वर्षांनीं मांडवीच्या कांठीं ती हीच.

येथें कोणी विचारील कीं, सुजे यांचा प्रकाश कोठें गेला? त्या रंगीत कांचांच्या भिंती कोठें गेल्या? उत्तर सरळ आहे. ज्या देशांत सूर्य वर्षांतून कांहीं महिनेच मनाजोगा दिसतो, तेथें मनुष्य प्रकाशासाठीं भिंत फोडतो. ज्या देशांत सूर्य भाजून काढतो आणि पावसाळा सुमारें ३,००० मिलिमीटर पाणी ओततो, तेथें मनुष्य भिंत जाड करितो, खिडकी वर नेतो आणि उतरत्या कौलांखालीं सांवली धरतो. जांभा दगड खाणींतून निघतांना मऊ असतो, वाऱ्याला ठेविला कीं घट्ट होतो. परंतु तो सच्छिद्र आहे, त्यावर बारीक नक्षी नीट उठत नाहीं आणि चुन्याचा गिलावा नसेल तर पाऊस त्याला खातो. बेलेंच्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडांत जें नाजूक काम साधलें, तें येथें साधणारें नव्हतें. म्हणून गवंड्यांनीं दोर ठेविला, जाळी सोडली. फासळी ठेविली, कांच सोडली. यांत हार नाहीं, शहाणपण आहे. दगडाचें आणि आभाळाचें ऐकून जी बांधणी आपलें रूप बदलते, तीच परक्या देशांत जगते.

वेदीजवळच्या भिंतींत एक संगमरवरी समाधि आहे. ती दोना कातारीना या पोर्तुगीज बाईची. गार्सिया द सा, जो १५४८-४९ या काळांत गोव्याचा गव्हर्नर होता, त्याची ती पत्नी. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं तिच्या अंतकाळीं या दोघांचा विधिपूर्वक विवाह लाविला, अशी परंपरा आहे. गव्हर्नरही १५४९ सालीं वारला आणि याच देवालयांत त्यास मूठमाती मिळाली. या समाधीची नक्षी पाहण्यासारखी आहे. तिची धाटणी लिस्बनची नव्हे. ती गुजरातच्या कारागिरांची, जे मशिदींचे मिहराब आणि वाड्यांच्या खिडक्या कोरीत त्यांच्या हातची. मुसलमानी सत्तेवरील विजयाच्या स्मरणार्थ बांधलेल्या देवालयाच्या गाभ्यांत त्याच देशाच्या हातांनीं कोरलेला दगड बसविला आहे. शिलालेखावर नांव सेनापतीचें असतें. देवालय मात्र दगड फोडणारा, चुना भाजणारा आणि टांकी चालविणारा यांच्या हातांनीं उभें राहतें.

येथवर लिहून थांबलों असतों तर हा लेख गोड झाला असता, परंतु खरा झाला नसता. २५ नोव्हेंबर १५१० नंतरच्या दिवसांत या शहरांतील मुसलमान पुरुष, स्त्रिया व मुलें यांची कत्तल झाली. आल्बुकर्कनें स्वतः राजाला पत्र लिहून ती कळविली आहे. हें देवालय उभें राहण्याच्या थोडेंच आधीं, १५४० सालीं, तिसवाडी बेटावरील हिंदूंचीं देवळें पाडण्यांत आलीं. जपमाळेच्या राणीच्या नांवानें बांधलेल्या वास्तूच्या पायाजवळ ही माती आहे. आम्ही ख्रिस्ती आहों म्हणून ती झांकावी, असें कोणी म्हणेल, तर आमचें उत्तर असें कीं, आम्ही ख्रिस्ती आहों म्हणूनच ती झांकतां येत नाहीं. ज्या धर्मांत क्षमेच्या संस्कारापूर्वीं पाप उच्चारावें लागतें, त्या धर्माला आपला इतिहासही उच्चारावा लागतो. १२ मार्च २००० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं रोम येथें, ख्रिस्तसभेच्या लेंकरांनीं सत्याच्या नांवाखालीं केलेल्या जुलमांबद्दल, सर्व जगासमक्ष परमेश्वराकडे क्षमा मागितली. त्या दिवसानंतर विजयाचीं देवालयें केवळ विजयाचीं म्हणून पाहणें आम्हांस शक्य राहिलेलें नाहीं.

परंतु तेवढ्यावरून वास्तूलाच दोषी ठरवावें काय? त्याच दशकांत त्याच रस्त्यांनीं आणखी एक मनुष्य हिंडत होता. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते गल्लोगल्लीं फिरत, मुलांना आणि गुलामांना गोळा करीत व त्यांना प्रार्थना शिकवीत. संध्याकाळची ही शिकवण या टेकडीवर होत असे, असें परंपरा सांगते. सेनापतीचा नवस एकदांच फेडला गेला. मुलांच्या तोंडची प्रार्थना रोज चालू राहिली. देवालय कोणी बांधिलें, हा इतिहासाचा एक प्रश्न. त्यांत कोण गुडघे टेकून राहिलें, हा दुसरा, आणि आमच्या मतें अधिक वजनाचा.

जें दगडांत घडलें, तेंच पुढें भाषेंतही घडलें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं तारणाची कथा मराठी ओवींत बांधिली, आणि १६१६ सालीं राशोल येथें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. कथा पॅलेस्टाइनची, कवि इंग्रज, परंतु छंद ज्ञानोबांच्या घरचा. ज्या बारामतींत मोरोपंतांनीं आपलें आयुष्य आर्या रचण्यांत घालविलें, त्या गांवच्या लोकांना छंदाचें मोल निराळें सांगावयास नको. १९०३ सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील केंदळ येथें फादर डोरिंग यांनीं 'निरोप्या' मासिक काढिलें, तेंही याच वाटेनें. आणलेलें बीं इथल्या वाफ्यांत पडलें कीं पीक इथलेंच म्हणवितें.

याच पवित्र टेकडीवर आणखी एक वास्तु आहे, आणि तिचा धडा कडक आहे. संत ऑगस्टिनच्या मठाचें देवालय एके काळीं जपमाळेच्या देवालयाहून कितीतरी भव्य होतें. त्याचा मनोरा ४६ मीटर उंच होता. रोगराईनें शहर ओस पडत गेलें, राजधानी पणजीस गेली, आणि १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें मठवासी संघ बंद केले. साधू गेले. देखरेख गेली. १८४२ सालीं छत कोसळलें; १९३१ सालीं मनोऱ्याचा दर्शनी भागही आला. आज अर्धा मनोरा आकाशांत एकटा उभा आहे. शेजारचें लहान देवालय मात्र शाबूत आहे. दोहोंचा दगड एक, चुना एक, पाऊस एक. भव्यतेनें कोणाला वांचविलें नाहीं. वांचविलें तें दरवर्षीं कौलें चाळणाऱ्या हातांनीं. १९८६ सालीं जागतिक वारसा म्हणून जुन्या गोव्याच्या देवालयांची नोंद झाली त्यांत हें लहान देवालयही आहे.

आतां आरंभींच्या दोन प्रश्नांकडे येऊं. शेजाऱ्यांच्या प्रश्नाला आमचें उत्तर असें: ही कमान साहेबांची नव्हे. ती मशिदींत होती, मठांत होती, विजापुरांत होती, आणि मिऱ्यांच्या पैशांतून लिस्बनला गेली. जो तिचा भार समजून घेतो, त्याची ती होते. आमच्या सभासदांच्या प्रश्नाला उत्तर असें: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयींच्या आपल्या संविधानांत स्पष्ट केलें आहे कीं, ख्रिस्तसभेनें कोणतीही एक कलाशैली आपली स्वतःची म्हणून धरलेली नाहीं, प्रत्येक काळाच्या व प्रत्येक लोकांच्या रीतींना तिनें जागा दिली आहे. तेव्हां सिमेंटच्या भिंतीला वरून टोंकदार कमानीचें चित्र चिकटविल्यानें आम्ही गॉथिक होणार नाहीं. त्या गवंड्यांचा खरा वारसा आम्हांस घ्यावयाचा असेल तर तो असा: आपल्या दगडाचें ऐकावें, आपल्या उन्हाचें ऐकावें, आणि बारामतीच्या सुमारें ५०० मिलिमीटर पावसांत व चैत्र-वैशाखाच्या तापांत म्हातारीकोतारीं माणसें मिस्सा संपेपर्यंत सुखानें बसूं शकतील अशी सांवली बांधावी. काळा फत्तर आमच्याजवळ आहे, तो घडविणारे हात आमच्याजवळ आहेत. त्यांना लाजण्याचें कारण नाहीं.

या महोत्सवांत आम्ही आमच्या सभासदांजवळ मनोरा मागत नाहीं. मागतों तें एवढेंच: मृगापूर्वीं छप्पर पाहिलें जावें, बाप्तिस्म्याच्या वह्या वाळवीपासून जपल्या जाव्या, ज्यांनीं या देवालयाच्या पायाचे दगड उचलले त्या बायामाणसांचीं नांवें, तीं ठाऊक असणारे हयात आहेत तोंवर, लिहून घेतलीं जावीं, कारण शिलालेख त्यांची आठवण ठेवीत नाहीं, आणि ऑक्टोबर महिन्यांत घरोघरीं जपमाळेची प्रार्थना खंड न पडतां चालावी. सेनापतीच्या नवसानें उभें राहिलेलें एक देवालय गरिबांच्या प्रार्थनेनें शुद्ध होऊन पावणेपांचशें वर्षें टिकलें. आमचें तर आरंभापासूनच गरिबांच्या हातचें आहे. प्रभु येशू ख्रिस्त, जो या इमारतीच्या कोनाचा मुख्य दगड, तो आमच्या या लहान देवालयाचा भार आपल्यावर घेवो, आणि जपमाळेची राणी पवित्र मरिया आमच्या दोन्ही तालुक्यांतील सर्व धर्मांच्या लेंकरांना आपल्या पदराखालीं घेवो, हीच या शुभप्रसंगीं परमेश्वराच्या चरणीं आमची नम्र प्रार्थना.